नेली तशीच

डोळ्यांसमोर एक खोली आणा. डोळे मिटू नका हं, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. चार इमारती, मध्ये फरशीचं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीला टेकून उभी असलेली एक बुटकी खोली. पूर्वी तिथे पंपवाला बसायचा. मग पंप आपला आपण चालू-बंद व्हायला शिकला आणि खोली रिकामी झाली. तिचं करायचं काय? कुणी म्हणालं भंगार ठेवू, कुणी म्हणालं सायकली ठेवू. तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी मात्र भलतंच विचारून बसले, "आपल्या चार इमारतींत मिळून ड्रिल मशीनं किती असतील हो?"

मोजली. एकोणीस निघाली! घरटी वर्षाला दोन भोकं पाडायची आणि बाकीचे दिवस मशीननं माळ्यावर झोपा काढायच्या. "एवढी भोकं पाडायची झाली तर भिंती उरणार नाहीत," घड्याळजी म्हणाले, तेव्हा सगळे हसले आणि दोन मशीनं त्या खोलीत आली. ज्याला लागेल त्यानं न्यायचं, झालं की आणून ठेवायचं. मशीनच्या मागोमाग शिडी आली, मोठी कात्री आली, इस्त्री आली, बाबागाडी आली. एका घरची म्हातारी वारली, तिची चाकांची खुर्चीही आली. खोलीला नाव पडलं 'सगळ्यांची खोली'.

आता त्या खोलीत एक टेबल ठेवा, टेबलावर जाड वही, आणि वहीमागे एक आजोबा बसवा. हे आजोबा चाळीस वर्षं कचेरीत हेडक्लार्क होते. अक्षर असं, की पाटीवर लिहिलं तर पुसायला जीव होऊ नये. खोलीचा कारभार त्यांच्याकडे आला तो कुणी दिला म्हणून नाही. वही दिसली की ती आखायला घ्यायची, हा त्यांचा स्वभावच होता.

पहिल्या वर्षी खोलीला नियम नव्हते, आणि खोटं कशाला सांगू, हाल झाले. शिडी दीड महिना बेपत्ता होती. शेवटी सापडली तेव्हा एका गच्चीवर तिच्यावर वेल चढवलेला होता आणि त्याला फुलंही आली होती. ड्रिल मशीनची बिटं एकेक करून गायब झाली. विचारलं की प्रत्येकजण शेजारच्या इमारतीकडे बोट दाखवायचा. तेव्हा नियम हवेत, हे आजोबांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. तुम्ही चौघं मिळून एक चेंडू आणलात तरी तो रात्री कुणाच्या घरी राहणार हे ठरवावं लागतंच की.

चुकलं ते पुढे.

आजोबांचा पुतण्या मोटारी वाटून वापरायला देणाऱ्या एका कंपनीत होता. मोबाइलवर बोट दाबायचं, कोपऱ्यावर उभी असलेली गाडी उघडायची, काम झालं की सोडून द्यायची. त्या कंपनीची नियमावली त्यानं काकांना पाठवली. चांगली छापील, बत्तीस कलमं. आजोबांना ती इतकी आवडली की त्यांनी तीन दिवस बसून 'गाडी' या शब्दाच्या जागी 'वस्तू' लिहीत ती उतरवून काढली. प्रत्येक घराला एक कार्ड. नियम मोडला की कार्डावर लाल फुली. तीन फुल्या झाल्या की कार्ड नव्वद दिवस बंद. त्यातलं सातवं कलम असं होतं : 'वस्तू नेली तशीच परत आणावी.'

"तशीच म्हणजे कशीच?" भिंगरीनं विचारलं होतं. भिंगरी म्हणजे आजोबांची नात. वय नऊ, एका जागी पाच मिनिटं बसलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून भिंगरी.

"तशीच म्हणजे तशीच. तिच्यात फरक करायचा नाही."

"मळकी नेली तर?"

"मळकी आण."

"ई!" भिंगरी म्हणाली आणि पळाली.

आता घड्याळजींकडे वळू. आजोबांचे हे पंचवीस वर्षांचे मित्र. रोज सकाळी दहा वाजता दोघं अंगणातल्या बाकावर बसत आणि एकमेकांच्या खोड्या काढत. घड्याळजी आजोबांना 'हेडक्लार्क' म्हणत, आजोबा त्यांना 'लेका' म्हणत. लहानथोर बाकी सगळे त्यांना घड्याळकाका म्हणायचे. त्यांच्या बायकोला, काकूंना, चालता येत नव्हतं. खोलीतली चाकांची खुर्ची घड्याळजी रोज सकाळी घेऊन जात, काकूंना लिफ्टनं खाली आणत आणि उन्हात बसवत. मांडीवर लोकरीचा गुंडा, भोवती चारसहा पोरं. काकू विणकाम शिकवायच्या. भिंगरी एका जागी बसायची ती फक्त तिथे. तिचा निळा मफलर हातभर झाला होता.

"मोजून टाका घाल गं. तुझ्या आजोबांच्या वहीसारखा," काकू म्हणायच्या. बाकावरून आजोबा ओरडायचे, "वहिनी, ऐकू येतंय मला!"

पण घड्याळजींची एक खोड होती. बिघडलेली वस्तू हातात आली की त्यांना तशी ठेववत नसे. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसलेला माणूस तो. शिंप्याची मोठी कात्री त्यांनी कागद कापायला नेली आणि धार लावून आणली. दुसऱ्याच दिवशी एका बाईंचं बोट कापलं. त्या म्हणाल्या, बोथट होती तीच बरी होती. पहिली फुली. ती मारताना आजोबाही हसत होते. मग शिडी. ती डुगडुगायची, म्हणून घड्याळजींनी तिच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. आजोबांनी टेप लावून पाहिली.

"अर्धा इंच वाढलीय, लेका."

"वाढत्या वयाची आहे, हेडक्लार्क."

दुसरी फुली.

तिसरी खुर्चीची. शेजारच्या इमारतीत एक विमा एजंट राहायचे, ताडासारखे उंच, सगळे त्यांना लंबूशेठ म्हणत. त्यांचा पाय मुरगळला, म्हणून त्यांनी दुपारपुरती खुर्ची नेली. संध्याकाळी आले ते तणतणतच. पाय ठेवायची पट्टी कुणीतरी चांगली इंचभर वर बसवली होती. "गुडघे हनुवटीला लागले माझे! बेडकासारखा बसलो होतो दवाखान्यात!"

रविवारी खोलीत आठजण जमले. आजोबा वहीमागे, घड्याळजी समोर उभे.

"पट्टी तू हलवलीस?"

"हलवली."

"सातवं कलम वाचलंयस?"

"तूच लिहिलंस, तूच मोठ्यानं वाचून दाखवलंस, आणि चहा मात्र मी पाजला. विसरेन कसा?"

कुणी हसलं. आजोबा हसले नाहीत. लंबूशेठ हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्याचा अर्थ आजोबांना कळत होता : आता बघू, मित्राला कसे सोडतात ते.

"अरे, त्याचं असं झालं," घड्याळजी म्हणाले, "तो बोल्ट जो होता ना—"

"फरक केलास की नाही? हो की नाही, एवढंच सांग."

घड्याळजींनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. एक क्षण मित्राकडे पाहिलं. "हो," म्हणाले.

आजोबांनी लाल पेन उचललं. फुली सुरेख आली, दोन्ही रेघा सारख्या. घड्याळजींनी कार्ड स्वतःच टेबलावर ठेवलं, त्याचा कोपरा वहीच्या कडेला नीट जुळवला आणि ते निघून गेले.

पहिल्या आठवड्यात आजोबांना वाटलं, लेकाचा रागावलाय, येईल. बाक रिकामा राहिला. अंगणातलं ऊन पोरांविनाच सरकत राहिलं. भिंगरी मफलर घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली आणि तशीच खाली आली.

"घड्याळकाका म्हणाले, काकू झोपल्यात."

"मग उद्या जा."

उद्याही काकू झोपल्याच होत्या. परवा आतून काकूंचा आवाज आला, "खाली आले ना की शिकवते हं, बाळा. अशी गादीवर लोळत नाही शिकवायची मी." आणि घड्याळकाका हळूच म्हणाले, "खुर्ची दुरुस्तीला गेलीय, असं सांगितलंय मी तिला. तूही तसंच सांग."

भिंगरी थेट खोलीत आली. खुर्ची भिंतीशी उभी होती. बसायच्या जागेवर धुळीचा पातळ थर.

"आजोबा, ही तर इथेच आहे."

"हो."

"मग काकूंना का नाही देत?"

"कार्ड बंद आहे त्यांचं. नियम आहे, बाळा."

"आपल्या घरच्या कार्डावर द्या. मी नेते."

आजोबांनी वहीची पानं उलटली. गरज नव्हती, त्यांना पाठच होतं. अकरावं कलम : 'दुसऱ्यासाठी वस्तू नेता येणार नाही.' त्यांनी ते वाचून दाखवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"मग पुसा."

खरं सांगायचं तर त्या क्षणी आजोबांचा हात खोडरबराकडे गेला होता. पण लगेच लंबूशेठची हाताची घडी डोळ्यांपुढे आली. आज मित्रासाठी पुसलं, उद्या प्रत्येकजण आपापल्या मित्रासाठी पुसायला सांगेल, आणि शिडी पुन्हा गच्चीवर जाईल. हात मागे आला.

"त्या मोटारींच्या कंपनीत," भिंगरीनं विचारलं, "सगळे एकमेकांना ओळखतात का हो?"

"कुठले ओळखणार! हजारो लोक. एक गाडी सोडतो, दुसरा उचलतो. तोंडही बघत नाहीत."

"मग बरोबर आहे," भिंगरी म्हणाली. काय बरोबर आहे ते तिनं सांगितलं नाही, आणि आजोबांनी विचारलंही नाही.

त्यांनी दुसरं काहीतरी केलं. कॅलेंडरवर नव्वदाव्या दिवसाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. त्या दिवशी सकाळी दहाला आपण स्वतः नवं कार्ड घेऊन जायचं, खुर्ची घेऊन जायचं, काय बोलायचं तेही ठरवलं : 'चल लेका, उन्हं वाट बघतायत.' रोज सकाळी ते एक दिवस कमी करत आणि त्यांना बरं वाटे. आपण नियमही पाळतोय आणि मित्रालाही विसरलेलो नाही, असं वाटे. वर जाऊन नुसतं भेटावं, हे मनात आलं नाही असं नाही. पण रिकाम्या हातानं जाऊन बोलायचं काय? गोलाच्या दिवशी जाऊ, कार्ड घेऊनच जाऊ.

मधल्या काळात खोलीचं एक गमतीशीर झालं. वस्तू वेळेवर परत येत होत्या, वही लखलखीत होती, आणि एकेक वस्तू मात्र मोडत चालली होती. बाबागाडीचं पुढचं चाक लंगडायला लागलं. शिडीची एक रबरी टोपी पडली, ती कुणी पुन्हा लावली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी इस्त्री परत आणली तेव्हा तिची वायर प्लगपाशी उघडी पडलेली होती.

"अहो, हे काय!" आजोबा म्हणाले.

"नेली तेव्हाच तशी होती. तुमच्याच नियमाप्रमाणे तशीच आणली," नर्सबाई म्हणाल्या. "पूर्वी आपोआप नीट व्हायची हो ही. कशी कोण जाणे."

आजोबांनी इस्त्री कपाटात सारली आणि वहीत तिच्यापुढे लिहिलं : 'परत. नेली तशीच.'

नव्वदावा दिवस उजाडला. आजोबांनी खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली. नवं कार्ड असं लिहिलं होतं की फ्रेममध्ये लावावं. भिंगरीनं मफलर आणि सुया घेतल्या. दोघं लिफ्टनं वर गेले, खुर्ची ढकलत. लिफ्टमध्ये आजोबा तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, 'चल लेका...'

दाराला कुलूप होतं.

आजोबांनी बेल वाजवली. कुलूप दिसत असूनही वाजवली. समोरचं दार उघडून नर्सबाई बाहेर आल्या.

"ते परवा गेले. लेकीकडे. कायमचेच." मग आजोबांचा चेहरा बघून त्या थांबल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कसे... वहिनींना कसं नेलं?"

"स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, आणि मी अन् ड्रायव्हरनं धरून लिफ्टपर्यंत आणि मग गाडीपर्यंत. फार त्रास झाला हो त्यांना. दोनदा टेकवावी लागली खुर्ची. खोलीसमोरूनच गेलो आम्ही. मी म्हटलं, हेडक्लार्कांना हाक मारते. तर काकू म्हणाल्या, दार लोटून बसलेत, वही लिहीत असतील, नको."

परवा सकाळी आजोबा खरोखरच वही लिहीत होते. वर्षाची पानं संपली म्हणून नवी आखायला घेतली होती.

"माझ्यासाठी काही निरोप आहे?" भिंगरीनं विचारलं.

"नाही गं. पण आजोबांसाठी हे दिलंय." नर्सबाईंनी बिस्किटांचा एक जुना डबा आणून दिला. चांगला जड होता.

खाली खोलीत येऊन आजोबांनी आधी फोन लावला. तिकडून तोच आवाज आला, जरा बारीक झालेला.

"बोल, हेडक्लार्क."

"लेका, मला सांगायचं तरी होतंस."

"तू कामात होतास रे. आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं बरोबरच होतं. मी फरक केला होता, केला होता."

"वहिनींना दे ना जरा."

"झोपलीय ती," घड्याळजी म्हणाले.

आजोबांनी फोन ठेवला. भिंगरीनं हेच वाक्य किती वेळा खाली आणलं होतं! त्याचा अर्थ त्यांना आज कळला.

मग त्यांनी डबा उघडला. आत कागदाच्या पुड्या होत्या, बोटाएवढ्या, एकसारख्या दुमडलेल्या. घड्याळजी दुकानात असताना गिऱ्हाइकाच्या घड्याळातला झिजलेला भाग काढला की तो टाकून देत नसत. पुडीत बांधून घड्याळाबरोबर परत देत. तुमचं आहे, तुम्ही ठेवा, म्हणत. या पुड्या तशाच होत्या. प्रत्येकीवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं. 'इस्त्री – जुना स्क्रू.' 'शिडी – डावा पाय, लाकडी पाचर.' 'बाबागाडी – मागच्या चाकाचा वायसर.' 'ड्रिल – जुनी कळ.' अशा तीसचाळीस तरी असतील. म्हणजे कात्री, शिडी आणि खुर्ची तेवढ्या पकडल्या गेल्या होत्या. बाकीच्या कुणाला कळल्यासुद्धा नव्हत्या. वर एक चिठ्ठी होती : 'कुणाला वस्तू होती तशीच हवी असेल, तर काढलेलं सगळं यात आहे. हरवलेलं काही नाही.'

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळ्यात खाली मोठी पुडी होती. 'चाकांची खुर्ची – पाय ठेवायच्या पट्टीचा बोल्ट. खालचं भोक झिजलंय, म्हणून वरच्या भोकात बसवली.' त्यांनी पुडी सोडली. गंजलेला बोल्ट होता. मधोमध केसासारखी एक रेघ. आजोबांनी तो दोन बोटांत धरून जरासा वाकवला, आणि त्याचे दोन तुकडे झाले.

लंबूशेठ या बोल्टावर पाय ठेवून लिफ्टमध्ये चढले असते. त्याच्या आधी रोज काकू.

'अरे, तो बोल्ट जो होता ना...' ते वाक्य अर्धं राहिलं होतं. उरलेलं अर्धं आजोबांच्या तळहातावर होतं. ऐकायला किती वेळ लागला असता? एक फुली मारायला लागतो तेवढासुद्धा नाही.

समोर नवं कार्ड पडलं होतं, सुरेख अक्षरातलं, आणि ते द्यायला आता कुणी नव्हतं.

भिंगरी इतका वेळ उभी होती, चक्क एका जागी. मग तिनं टेबलावरच्या पेटीतून आपल्या घरचं कार्ड शोधून काढलं. आजोबांचं लाल पेन उचललं. जीभ दातांत धरून कार्डावर एक फुली मारली, वाकडीच आली, आणि कार्ड पेटीत परत ठेवलं.

"हे काय केलंस? अजून तर एकही नियम मोडला नाहीस तू," आजोबा म्हणाले.

"आता मोडणार आहे ना."

तिनं कोपऱ्यातली बाबागाडी ओढत मध्ये आणली, आडवी पाडली, कपाटातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि लंगड्या चाकापाशी मांडी घालून बसली. पहिला स्क्रू निघायला फार वेळ लागला. निघाला तेव्हा तिनं तो फ्रॉकला पुसला, नव्या वहीचं पहिलंच पान टरकन फाडलं, त्याच्या तुकड्यात स्क्रू बांधला आणि पुडी आजोबांपुढे धरली.

"यावर लिहून द्या," ती म्हणाली. "बारीक अक्षरात."